राजदूत ‘मुली, मुली’ म्हणत होते

मंडळाच्या गणपतीत नवीन ओळख झाली की प्रश्न ठरलेला असतो, "तू काय करतेस गं?" मी म्हणते, "स्पीच थेरपिस्ट आहे." समोरच्या काकू लगेच म्हणतात, "अगंबाई! म्हणजे तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवतेस!" मी हसून मान डोलावते. खरं सांगायला बसलं तर मागची रांग खोळंबते आणि प्लेटमधला मोदक गार होतो. इथे रांग नाही, तेव्हा सांगून टाकते.

माझे पेशंट मुलं नव्हेत. आयुष्यभर नीट, काही जण तर भरभरून बोललेली, आणि एका सकाळी शब्दच हरवलेली माणसं. स्ट्रोक आला, मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला, की बऱ्याचदा भाषा जाते. हात-पाय लुळे पडलेले दिसतात, भाषा गेलेली दिसत नाही. माणूस आत तसाच असतो. बायको कोण, चहात साखर किती, शेजारी का आवडत नाही, हे सगळं त्याला ठाऊक असतं. फक्त ‘साखर’ म्हणायला गेलं की तोंडातून ‘खुर्ची’ येतं, नाहीतर काहीच येत नाही. अशा माणसाला त्याच्या शब्दांपर्यंत पुन्हा वाट करून देणं, हा माझा धंदा. न्यू जर्सीत वेस्ट विंडसरजवळच्या एका रिहॅब सेंटरमध्ये मी तो निम्मं आयुष्य केला. आता निवृत्ती तोंडावर आली आहे.

या धंद्यात गमतीही पुष्कळ. चर्चमध्ये नियमाने जाणाऱ्या एक बाई होत्या. स्ट्रोकनंतर त्यांच्याकडे फक्त शिव्याच उरल्या, त्याही अस्सल. पास्टर भेटायला आले की बिचाऱ्या त्यांचं मनापासून स्वागत करायच्या आणि पास्टरांचे कान लाल व्हायचे. एका सुताराला ‘कॉफी’ म्हणता येत नव्हतं, पण गाऊन मागता येत होती, त्यामुळे आमच्या मजल्यावर रोज सकाळी एक सहा फुटी माणूस कॉफीचं गाणं म्हणायचा. शिव्या आणि गाणी मेंदू वेगळ्या कप्प्यात ठेवतो. ती पुष्कळदा स्ट्रोकमधून वाचतात.

पण आज सांगायचं आहे ते मानालांगसाहेबांबद्दल. नावं मी बदलली आहेत, आणि त्यांच्या मुलीला विचारूनच लिहिते आहे.

लिओपोल्दो मानालांग हे फिलिपिन्सचे निवृत्त राजदूत. आखाती देशांत, युरोपात, लॅटिन अमेरिकेत राहून आलेले. इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच आणि टागालोग, अशा चार भाषा त्यांना येत, असं त्यांच्या मुलीने, ख्रिस्तीनने, मला पहिल्या दिवशी सांगितलं. टागालोग म्हणजे फिलिपिन्सभर चालणारी भाषा, आपल्याकडे हिंदी चालते तशी. पत्नी वारलेली. ख्रिस्तीन प्रिन्स्टनच्या बाजूला एका रिसर्च लॅबमध्ये नोकरीला, वडील तिच्याच घरी राहायचे. ती निरनिराळ्या वकिलातींत वाढली, त्यामुळे तिची खरी भाषा इंग्रजीच. टागालोग मोडकंतोडकं.

पहिल्या भेटीत साहेब व्हीलचेअरमध्ये ताठ बसलेले. उजवा हात मांडीवर निर्जीव, पण पांढऱ्या शर्टाचं वरचं बटण लावलेलं. मी विचारलं, "तुम्ही मिस्टर मानालांग ना?" ते म्हणाले, "वा!"

मला बरं वाटलं. मराठी माणसाला ‘वा’ ऐकून बरंच वाटतं.

पुढे मात्र कठीण होत गेलं. त्यांना मोजकेच शब्द फुटायचे, आणि ते प्रसंगाशी जुळायचे नाहीत. मोठ्याने "अली! अली!" म्हणायचे. ख्रिस्तीन रडवेली होऊन म्हणाली, "आखातात असताना आमच्या ड्रायव्हरचं नाव अली होतं. डॅडचा फार जीव होता त्याच्यावर. ते अजून तिथेच आहेत असं त्यांना वाटतंय." मनिलाहून आलेली जोसी नावाची नर्सिंग असिस्टंट त्यांचं सगळं प्रेमाने करायची. ती एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "मिस अनागा," (माझं अनघा हे नाव इथे कुणाच्या जिभेवर बसलेलं नाही) "सर उकडलेल्या अंड्याकडे बोट दाखवून ‘एबुन’ म्हणतात. आमच्यात ‘इबोन’ म्हणजे पक्षी. अंड्याला पक्षी म्हणतायत हो."

आणि तिसरा शब्द होता ‘मुली’.

मी चित्रांची कार्डं दाखवायचे. किल्ली, छत्री, घड्याळ. नाव सांगायचं, नाहीतर निदान बोट दाखवायचं. साहेब कार्डाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणायचे, "मुली. मुली." माझी नजर आपोआप ख्रिस्तीनकडे जायची, जणू लेकीलाच हाक मारतायत. ती म्हणाली, "टागालोगमध्ये ‘मुली’ म्हणजे ‘पुन्हा’. त्यांना परत एकदा करायचंय." वा, पेशंट असावा तर असा! मी पुन्हा किल्ली दाखवली. ते आणखी जोरात, "मुली!" मी पुन्हा छत्री दाखवली. शेवटी त्यांनी डाव्या हाताने सगळी कार्डं टेबलावरून उडवून लावली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

आम्ही फोनवरून टागालोग दुभाषी घेतली. ती बाई मन लावून ऐकून म्हणाली, "सॉरी, अर्थ लागत नाही. ‘पुन्हा’ म्हणतायत, मग पक्षी म्हणतायत, बाकीचं तुटक आहे."

हे सगळं एकत्र करून जे चित्र तयार झालं ते वाईट होतं. जुन्या ड्रायव्हरला हाका मारणारा, अंड्याला पक्षी म्हणणारा, मागितलेलंच दिलं की चिडणारा माणूस. नुसती भाषा गेलेली नाही, समजही गेली आहे, असं डॉक्टरांचं मत होऊ लागलं. घरी न पाठवता मेमरी केअरमध्ये हलवावं, अशी चर्चा सुरू झाली. मेमरी केअर म्हणजे विस्मरण झालेल्या वृद्धांचा बंदिस्त विभाग, दाराला कोडचं कुलूप. तिथली माणसं चांगली असतात. पण शुद्धीवर असलेल्या माणसाने तिथे राहणं म्हणजे काय, याची कल्पना करवत नाही. ख्रिस्तीन एकटी, नोकरी करणारी. ती काय करणार? शुक्रवारी मीटिंग ठरली.

मला ते पटत नव्हतं, आणि का पटत नव्हतं ते सांगता येत नव्हतं. त्यांची नजर गोंधळलेल्या माणसाची नव्हती. ती कंटाळलेल्या, अपमान झालेल्या माणसाची होती.

मग बुधवारी जेवणाच्या सुट्टीत नीलेशने एक किस्सा सांगितला. नीलेश पुण्याचा, आमच्याकडे फिजिकल थेरपिस्ट. त्याची बायको आयटीत. डबा उघडता उघडता तो म्हणाला, "ताई, आज कसला घोळ झालाय माहितीये? माझ्या त्या कानपूरच्या आजी, रिटायर्ड हिंदी टीचर. मी त्यांना पाय उचला म्हणतोय, आणि त्या म्हणतायत, ‘बेटा, चेष्टा कर रही हूँ, चेष्टा कर रही हूँ.’ मी म्हटलं, आजी, चेष्टा नंतर करा, आधी पाय उचला! यार, त्या इतक्या हर्ट झाल्या! मग त्यांच्या नातीने सांगितलं, हिंदीत चेष्टा म्हणजे एफर्ट!"

मी हसले. मी नागपूरची, हिंदी-मराठीच्या सीमेवर वाढलेली. असल्या फजित्या आमच्या घरात रोजच्या होत्या. हसता हसता माझा घास हातातच राहिला.

"नीलेश," मी म्हटलं, "आजी बरोबर बोलत होत्या. तू चुकीच्या भाषेत ऐकलंस."

"तेच तर सांगतोय ना."

"अरे, अंडं! अंडं म्हणजे पक्षी नाही!"

"ताई, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

मी डबा तसाच उघडा टाकून धावले. आमच्या कॉरिडॉरमध्ये धावू नका अशी पाटी आहे, आणि ती मीच लावून घेतली होती. ख्रिस्तीन वडिलांच्या खोलीबाहेर लॅपटॉप घेऊन बसली होती. मी धापा टाकत विचारलं, "तुझे वडील त्यांच्या आईशी कुठल्या भाषेत बोलायचे?"

तिने लॅपटॉप बाजूला ठेवला. "कापांपांगन. पण ती... गावाकडची भाषा. आम्हाला नाही येत. आई मनिलाची, तिलाही यायची नाही. आजी गेल्यावर घरात कुणी बोललंच नाही."

"ती टागालोगसारखी आहे?"

"काही शब्द सारखे. पण मला एक वाक्य कळत नाही."

मनिलाच्या उत्तरेला पांपांगा नावाचा प्रांत आहे. तिथल्या माणसांनाही कापांपांगन म्हणतात आणि त्यांच्या भाषेलाही. आम्ही सगळ्यांनी फिलिपिन्स म्हणजे टागालोग असं धरलं होतं. माझ्याकडे कुणी मराठी पेशंट आणला आणि त्याच्यासाठी हिंदी दुभाषी बोलावला, तर मी केवढा थयथयाट केला असता! अनेक भाषा येणाऱ्या माणसाला स्ट्रोक झाला की कुठली भाषा आधी परत येईल, याचा नेम नसतो. कधी आईची येते, कधी ऑफिसची. साहेबांच्या चार भाषा खाली गाडल्या गेल्या होत्या, आणि जी पाचवी कुणी मोजलीच नव्हती, ती वर आली होती.

"ही भाषा बोलणारं कुणी ओळखीचं आहे?" मी विचारलं.

ख्रिस्तीनने डोळे मिटून आठवलं. "अंकल सुंगा! डॅडच्याच प्रांतातले, तेही राजदूत होते. ख्रिसमसला फोनवर दोघं तासभर काहीतरी बोलायचे आणि लहान मुलांसारखे खिदळायचे. ते ॲरिझोनात असतात, चँडलरला, मुलाकडे. मुलगा चिप कंपनीत आहे."

"आत्ता लाव फोन."

व्हिडिओ कॉल लागला. पडद्यावर टक्कल, जाड चष्मा, मागे लख्ख ऊन. ख्रिस्तीनने घाईघाईने सगळं सांगितलं. आम्ही फोन मानालांगसाहेबांसमोर धरला. साहेब भिंतीकडेच बघत होते. सुंगांनी त्यांच्या भाषेत, खड्या आवाजात, काहीतरी विचारलं.

साहेबांनी मान फिरवली. इतक्या जोरात, की मला वाटलं तोल जाईल.

"अली!" ते म्हणाले.

सुंगा हसू लागले. मग इंग्रजीत आम्हाला म्हणाले, "मी विचारलं, तुझं बरं चाललंय का? तो म्हणतोय, नाही. अली म्हणजे ‘नाही’."

ख्रिस्तीनने तोंडावर हात ठेवला. ड्रायव्हर कुठेच नव्हता. माणूस एवढे दिवस ‘नाही, नाही’ ओरडत होता.

"आणि ‘वा’?" मी विचारलं.

"वा म्हणजे ‘हो’."

म्हणजे पहिल्याच दिवशी मी विचारलं, तुम्ही मिस्टर मानालांग ना, आणि त्यांनी अगदी बरोबर उत्तर दिलं होतं! दाराशी उभी असलेली जोसी आत आली. "सर, ‘एबुन’ काय?" तिने सुंगांना विचारलं. "अंडं," सुंगा म्हणाले. "तुम्हा मनिलावाल्यांचा पक्षी आमच्यात अंडं होतो." जोसी एकदम हसायला लागली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, दोन्ही एकदमच.

मग मी ‘मुली’ विचारलं. सुंगांचा चेहरा बदलला.

"मुली म्हणजे घरी जाणं," ते म्हणाले. "तो म्हणतोय, मला घरी जायचंय."

मी किल्ली दाखवत होते. मी छत्री दाखवत होते.

ख्रिस्तीन वडिलांच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसली आणि पहिल्यांदाच त्यांच्या भाषेतला शब्द उच्चारून म्हणाली, "मुली, डॅड? मुली?" साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग डावा हात तिच्या डोक्यावर ठेवून म्हणाले, "वा."

शुक्रवारच्या मीटिंगला सुंगासाहेब स्वतः आले. आदल्या रात्रीच्या विमानाने, ऐंशीच्या घरातला माणूस, बाहेर बर्फ पडत असताना, सूट आणि टाय घालून. मी म्हटलं, "व्हिडिओवरही चाललं असतं, सर." ते म्हणाले, "मॅडम, महत्त्वाच्या वाटाघाटी आम्ही फोनवर करत नाही." मीटिंगच्या खोलीकडे जाताना मला सांगत होते, "आमच्या छोट्या प्रांताने देशाला दोन गोष्टी भरपूर दिल्या, आचारी आणि राजदूत. काम एकच. गरम पदार्थ असा वाढायचा की समोरच्याचं तोंड पोळू नये." मानालांगबद्दलही सांगितलं. आखातात लढाई सुरू झाली तेव्हा या माणसाने वकिलातीचं दार उघडून बांधकाम मजूर आणि घरकामाच्या बायकांना आत घेतलं होतं, आणि वाळवंटातून सीमेपर्यंत त्यांच्या बसबरोबर स्वतः गेला होता. "आणि तुम्ही त्याला कुलपात ठेवणार?" हे त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं.

मीटिंगमध्ये डॉक्टर, सोशल वर्कर, ख्रिस्तीन, मी, आणि टेबलाच्या टोकाला मानालांगसाहेब. मी विनंती केली की तपासणी पुन्हा करावी, यांच्या भाषेत. डॉक्टर तयार झाले. मनाने चांगले गृहस्थ होते, शिवाय आता त्यांनाही उत्सुकता लागली होती.

सुंगांनी आधी एक अट घातली. "मी फक्त दुभाषी. तो जे म्हणेल तेवढंच सांगेन. मित्र म्हणून त्यात काही घालणार नाही." मला वाटलं, घाला हो थोडं! पण त्यांचं बरोबर होतं. त्यांनी भर घातली असती तर त्या तपासणीला किंमत राहिली नसती.

डॉक्टर विचारत गेले, सुंगा त्यांच्या भाषेत सांगत गेले. डाव्या हाताने नाकाला हात लावा. लावला. आधी खिडकीकडे बोट दाखवा, मग दाराकडे. दाखवलं, त्याच क्रमाने. ख्रिस्तीनकडे बोट करून, ही कोण? ‘मुलगी.’ सध्या कुठला ऋतू? साहेबांनी खिडकीबाहेरच्या बर्फाकडे हात केला आणि डॉक्टरांकडे असं पाहिलं, की दिसत नाही का तुम्हाला! सोशल वर्करला हसू आवरेना. मला तर वाटत होतं, जणू माझीच तोंडी परीक्षा आहे.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला काय झालंय, ते तुम्हाला माहीत आहे?"

सुंगांनी विचारलं. साहेबांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. कुणी हललं नाही. आमच्या कामात सगळ्यात अवघड असतं ते हेच, शब्द आपण न पुरवणं. साहेबांनी डावा हात कपाळावर ठेवला आणि एक शब्द म्हणाले. मग आणखी एक. मग तोच हात छातीवर ठेवून तिसरा, आणि चौथा.

चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून सुंगांनी दुभाष्याच्या कोरड्या आवाजात सांगितलं, "तो म्हणतोय, मेंदू बिघडला. मी नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "घरी पाठवू या," ते म्हणाले.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. शिस्तीत बसले खरी, पण दार बंद झाल्याबरोबर कॉरिडॉरमध्ये नीलेशला गाठून जी मिठी मारली, ती बघून त्याचा पेशंट वॉकर सोडून बघत राहिला.

पुढचे काही महिने मी त्यांच्या घरी जाऊन थेरपी केली. सुंगासाहेब महिनाभर राहिले. साहेब आधी शब्द आपल्या भाषेत पकडायचे, मग आम्ही त्याला इंग्रजी शब्द जोडायचो. ख्रिस्तीन शेजारी बसून उलटं करायची, इंग्रजीवरून वडिलांची भाषा शिकायची. तिचे उच्चार चुकले की साहेब इतके वैतागायचे, की त्या भरात त्यांच्या तोंडून अख्खं वाक्य सुटायचं. मी तिला सांगितलं, चुकत राहा. फ्रेंच मात्र परत आलं नाही. एकेकाळी त्या भाषेत ते भाषणं करायचे. एकदा टीव्हीवर फ्रेंच ऐकू आलं तेव्हा ते बराच वेळ बघत बसले आणि मग स्वतःच रिमोटने बंद केलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. आणि याहून जास्त वाईट वाटतं ते त्या पेशंट्सचं, ज्यांच्यासाठी कुठूनच कुणी सुंगा विमानात बसून आला नाही. असे किती जण माझ्या हातून ‘गोंधळलेले’ म्हणून पुढे गेले असतील, देव जाणे.

उन्हाळ्यात थेरपी संपली. मी दुसऱ्या पेशंट्समध्ये गुंतले. एका दुपारी ग्रोसरी घेऊन गाडीत बसत होते, तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"हॅलो?"

नुसता श्वास ऐकू आला. मी फोन ठेवणार होते, आणि एकदम लक्षात आलं.

भाषा गेलेल्या माणसाला सगळ्यात अवघड असतो तो फोन. समोर चेहरा नाही, हातवारे नाहीत, बोट दाखवायला वस्तू नाही. जे आहे ते फक्त शब्दच. माझे कितीतरी पेशंट बरे होऊन बागेत काम करतात, पत्ते खेळतात, पण फोन वाजला की दुसऱ्याच्या हातात देतात. साहेबांबरोबर फोनचा सराव आम्ही केलाच नव्हता. एवढी मजल जाईल असं मलाच वाटलं नव्हतं.

मी तोंड घट्ट मिटून धरलं. दुधाचा कॅन मांडीवर, बाहेर मागचा माणूस माझी पार्किंगची जागा हवी म्हणून हॉर्न देतोय.

"अनघा," पलीकडून आवाज आला. नीट, मराठी माणसासारखं, अनघा. "संडे. लंच. यू... कम."

मला कोण ते कळलं होतं. तरी मी विचारलं, "कोण बोलतंय?"

पलीकडे ख्रिस्तीन काहीतरी कुजबुजली. साहेबांनी तिला "शू!" केलं. मग खूप वेळ काहीच नाही. हॉर्न चालूच.

"अँबॅसेडर," ते म्हणाले. श्वास घेतला. "लिओपोल्दो. मानालांग."

"येते, सर! नक्की येते! काय आणू?"

"नथिंग," त्यांनी लगेच सांगितलं, आणि मी फोन ठेवेन की काय अशा घाईने पुढे म्हणाले, "हजबंड! ब्रिंग... हजबंड!"

फोन बंद झाला. मी गाडीतच बसून नवऱ्याला फोन लावला आणि ओरडले, "रविवारचं सगळं कॅन्सल कर! राजदूतांनी बोलावलंय!"